आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट : कोकण किनाऱ्यावर घ्यावं का?

फोमचं जाडजूड जॅकेट मे महिन्याच्या उकाड्यात कुणी अंगावर ठेवत नाही. मांडव्याच्या वाटेवर ते सीटखाली जातं, आणि पाण्यात पडलेल्याला त्याचा काही उपयोग होत नाही. १५० न्यूटनचं फुगणारं जॅकेट इथेच बाजी मारतं. मानेभोवती दोन पट्टे आणि कमरेला बेल्ट, एवढंच ओझं. दिवसभर घालून शिडं ओढा, नांगर टाका, हाताला आड येत नाही. पाण्यात पडलं की ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सुई भोक पाडते आणि साधारण १५ किलोचा उचल मिळतो. बेशुद्ध माणसाला उताणं करून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवायला एवढा जोर हवाच. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असेल तिथेच.

खरेदी करताना आतली यंत्रणा कुठली ते आधी विचारा. स्वस्त जॅकेटांत पाण्याने विरघळणारी गोळी किंवा कागदी कडी असते. ती सुटली की स्प्रिंग सुईला ढकलते. आपल्या किनाऱ्यावर तिचा शत्रू म्हणजे पावसाळी दमट हवा. जूनपासून बोटीच्या लॉकरात कोंबून ठेवलेलं जॅकेट सप्टेंबरात आपणहून फुगलेलं सापडू शकतं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसणाऱ्याच्या अंगावर लाटांचा मारा झाला तरी तेच. हॅमर (Hammar) या कंपनीची यंत्रणा पाण्याच्या दाबावर चालते आणि सुमारे १० सेंटिमीटर बुडाल्याशिवाय सुटत नाही. तिचं किट, म्हणजे जॅकेट पुन्हा सज्ज करायला बदलायचे भाग, महाग आहे, पण ते ५ वर्षं चालतं. गोळीवाल्याचं सहसा ३. कोकणासाठी आमचं मत हॅमरच्या बाजूने.

यंत्रणेवर हिरवी खूण दिसली म्हणजे जॅकेट तयार, हा समज घातक आहे. काही साध्या मॉडेलांत ती खूण फक्त हाताने फुगवायची दोरी ओढलेली नाही एवढंच सांगते. सिलिंडर सैल किंवा रिकामा असला तरी हिरवीच राहते. बोट हलत राहते, घडी घालताना पिळवटा बसतो, आणि आटे सुटतात. म्हणून हंगामाआधी बाहेरचा सिलिंडर काढा, तोंडाला भोक नाही ना पाहा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला आणि वजन त्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून बघा. गंज दिसला तर बदलाच, कारण गंजलेला पत्रा फुग्याचं कापड घासून भोक पाडतो. हॅमरचा सिलिंडर फुग्याच्या आत असतो. तो घट्ट आहे का, हे कापडावरून चाचपा.

मग तोंडाने नळीतून हवा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर कुठेतरी गळती आहे. हवा काढताना नळीची टोपी उलटी करून व्हॉल्व्ह दाबा. गुडघ्याने दाबून पिळू नका, शिवण जाते. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा, पण गोळीवाल्याची गोळी आधी काढून.

घालताना बेल्ट आणि अंग यांमध्ये जेमतेम एक मूठ मावावी. मांड्यांमधला पट्टा लोक टाळतात. तो नसला की फुगलेलं जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो. पट्टा नसलेलं मॉडेल घेऊच नका.

बंद केबिनमध्ये हे जॅकेट नको. बोट उलटली तर फुगलेलं जॅकेट माणसाला वर दाबून धरतं आणि बाहेर पडायला बुडी मारता येत नाही. जेट-स्कीवरही नको, तिथे पाण्यात पडणं हा नेहमीचाच प्रकार, फोमच बरा. प्रौढांची बहुतेक मॉडेलं ४० किलोंपुढच्यांसाठी असतात, तेव्हा लहान मुलांना मान सावरणारी कॉलर असलेलं फोमचं घ्या. अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांनाही फोमच द्या.

पैसे देण्याआधी दुकानदाराला त्याच मॉडेलचं किट भारतात मिळतं का ते विचारा, आणि एक जादा किट जॅकेटासोबतच घ्या. भरलेला सिलिंडर विमानाने धोकादायक माल म्हणून जातो, त्यामुळे तो कुरिअरने मागवला तर वेळ लागतो. तोवर एकदा फुगून सिलिंडर रिकामा झालेलं जॅकेट तोंडाने फुगवण्यापुरतंच उरतं.