ट्रेडिंगच्या सशुल्क मार्गदर्शन वर्गाचे परीक्षण

ज्याला बाजारातून पैसे मिळतात त्याला शिकवणीचे पैसे कशाला हवेत, हा आक्षेप ट्रेडिंग शिकवणाऱ्या प्रत्येकावर घेतला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. शिकवणे हे स्वतंत्र कष्टाचे काम आहे आणि त्याचा मोबदला मागण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो त्या मोबदल्यात विद्यार्थ्याच्या पदरात नेमके काय पडते, हा. ज्या ऑनलाइन वर्गाचे शुल्क मी भरले, त्याचे परीक्षण याच कसोटीवर करत आहे.

वर्गाचे दोन भाग होते. पहिल्या भागातील ध्वनिमुद्रित व्याख्यानांत कँडलस्टिकचे आकार, आधार आणि अडथळ्याच्या पातळ्या, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज वगैरे भावांचे आलेख वाचण्याचे विषय होते. मांडणी नीटनेटकी असली तरी हे सर्व कोणत्याही प्राथमिक पुस्तकात किंवा विनामूल्य चित्रफितींत मिळते, त्यामुळे एवढ्यासाठी शुल्क भरण्याचे कारण नाही.

दुसरा भाग मात्र पैसे वसूल करणारा होता. प्रत्येकाने आपल्या सौद्यांची नोंदवही दर आठवड्याला सादर करायची आणि मार्गदर्शकाने ती ओळीने तपासायची, अशी पद्धत होती. सौदा का घेतला, स्टॉप-लॉस (म्हणजे तोटा आवरण्यासाठी सौद्यातून बाहेर पडण्याचा भाव) कुठे ठरवला होता, तो ऐन वेळी का सरकवला, असे प्रश्न तेथे विचारले जात आणि गोलमाल उत्तर चालत नसे. जोखमीचे गणितही येथेच पक्के झाले. दर सौद्यात उरलेल्या भांडवलाच्या १० टक्के रक्कम गमावण्याची तयारी ठेवली आणि सलग १० सौदे चुकले, तर मूळ भांडवलापैकी जेमतेम ३५ टक्के उरते. तीच मर्यादा १ टक्का ठेवली, तर ९० टक्क्यांहून अधिक शाबूत राहते. त्याचप्रमाणे १०० पैकी ४० सौदेच बरोबर आले, परंतु सरासरी नफा सरासरी तोट्याच्या दुप्पट असला, तर खर्च वगळण्यापूर्वी हिशेब नफ्यातच राहतो. हे कागदावर सोपे दिसते, पण स्वतःच्या नोंदवहीत ते पाळले जात नाही, हे दाखवून द्यायला दुसरा माणूस लागतो. शुल्क द्यावे ते या कामासाठी.

त्रुटीही गंभीर आहेत. मार्गदर्शकाने स्वतःच्या खात्याचे सलग विवरण अखेरपर्यंत दाखवले नाही. दाखवले ते निवडक नफ्याचे स्क्रीनशॉट. दुसरे असे की तोट्याच्या शक्यतेबद्दल प्रवेशापूर्वी मोघम बोलले गेले. ब्राझीलमधील फ्यूचर्स (पुढील तारखेच्या करारांच्या) बाजारात २०१३ ते २०१५ या काळात डे ट्रेडिंग (त्याच दिवशी खरेदी-विक्री पूर्ण करणे) सुरू केलेल्या लोकांचा अभ्यास झाला आहे. त्यांपैकी जे ३०० हून अधिक दिवस टिकून राहिले, त्यांतील ९७ टक्के लोक तोट्यात गेले. असा आकडा पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला गेला पाहिजे, मग प्रवेश कमी झाले तरी चालतील.

या वर्गाची 'मोफत' आवृत्तीही आहे: मार्गदर्शकाच्या दुव्यावरून ब्रोकरकडे खाते उघडले की शुल्क माफ होते. ही सवलत मला शुल्कापेक्षा महाग वाटते, कारण विद्यार्थ्याच्या ब्रोकरेजमधील (दर सौद्यावर ब्रोकर घेतो त्या दलालीतील) हिस्सा मार्गदर्शकाला मिळतो आणि विद्यार्थ्याने नफा कमावला काय किंवा गमावला काय, त्याने वारंवार सौदे करावेत यातच मार्गदर्शकाचे हित गुंतते. उघड शुल्कात निदान हा पेच नसतो. अर्थात याहून सरळ व्यवस्थाही होऊन गेली आहे. ट्रेडिंग शिकवता येते की नाही, या विल्यम एकहार्ट या सहकाऱ्याशी झालेल्या वादातून अमेरिकेतील ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी १९८३ मध्ये निवडक नवख्यांना सुमारे दोन आठवडे शिकवले आणि मग त्यांच्या हाती आपलेच भांडवल सोपवून नफ्यात त्यांना वाटा दिला. शिकवण्यात खोट राहिली असती तर तोटा शिक्षकाचाच झाला असता. इतकी अपेक्षा आजच्या वर्गाकडून कोणी करणार नाही, परंतु स्वतःचे विवरण दाखवण्याची अपेक्षा अवाजवी नव्हे.

म्हणून शिफारस अर्धीच आहे. नोंदवहीच्या तपासणीचे शुल्क वेगळे भरता येत असेल तर जरूर भरावे, व्याख्यानांचा संच घेऊ नये. थेट सौद्यांचे संकेत देणाऱ्या वरच्या श्रेणीपासून तर दूरच राहावे, कारण तेथे शिकवणे संपते आणि विद्यार्थी दुसऱ्याच्या सांगण्यावरून फक्त बटणे दाबतो. मी मुदत वाढवताना केवळ तपासणी मागितली. ती स्वतंत्रपणे मिळत नाही असे उत्तर आले, म्हणून वर्ग सोडला.