प्लॉटचा दावा: निकालापर्यंत लढायचा की लोकअदालतीत मिटवायचा?

ज्याच्या घरात प्लॉटचा नाहीतर वाटणीचा दावा चालू आहे त्याला फेरफार, कैफियत, स्टे हे शब्द समजावून सांगायची गरज नाही, घरातली पोरंसुद्धा हे शब्द ऐकत मोठी होतात. म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. दोन्ही रस्ते आमच्या माणसांनी चालून पाहिलेत. आमचा भावकीतला दावा लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने प्रकरणं मिटवतात तिथे, मिटला आणि माझ्या मामाने त्याचा दावा निकालापर्यंत नेला, जिंकला पण. मी वकील नाही, आणि प्रत्येकाची फाईल वेगळी असते हे मान्य, पण माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

आमचं आधी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात गावाला लागून आजोबांचं वावर होतं. गाव वाढलं, रोडला दुकानं लागली, तेव्हा मोठ्या काकांनी एन.ए. (बिगरशेती) करून ले-आउट टाकला. तिघा भावांनी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून कोणते प्लॉट कोणाचे ते तोंडी ठरवलं, लिहून कोणीच ठेवलं नाही, त्या काळी भावाला लिहून माग म्हणणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं व्हायचं. सातबारा सगळा मोठ्या काकांच्या नावावर. पुढे रोडचे प्लॉट भारी झाले, काकांनी त्यातला एक विकायला काढला आणि बाबांनी वाटणी, ताबा आणि मनाई हुकमाचा दावा टाकला.

मामाचं प्रकरण एकदम वेगळं. त्याने ले-आउटवाल्याकडून प्लॉट घेतला, रजिस्ट्री केली, पण फेरफार घ्यायचं, म्हणजे सातबारावर आपलं नाव चढवून घ्यायचं राहून गेलं आणि काही वर्षांनी त्याच माणसाने तोच प्लॉट दुसऱ्याला विकला. दुसऱ्याने लगेच फेरफार करून घेतला, कुंपण पण टाकलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो कारण आमच्याकडे अर्धे लोक इथेच अडकतात. भांडण झालं की पहिले पटवाऱ्याकडे, मग तहसीलला, मग एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, असं फेरफाराच्या मागे लागतात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्यावरून मालकी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी निकालात सांगितलेलं आहे. तहसीलदार जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली शेताची वाटणी करून देतात ती सगळे कबूल असले तर, कोणी मालकीवरच हरकत घेतली की ते पण दिवाणी कोर्टातच जा म्हणणार. त्यामुळे नोंदीवर हरकत जरूर घ्या, पण मालकीचा झगडा तिथे मिटेल या आशेवर राहू नका. खरा निवड करायचा प्रश्न कोर्टात गेल्यावरच येतो, की शेवटपर्यंत लढायचं की मध्येच बसून मिटवायचं.

लढण्याच्या बाजूने बोलायचं तर मामाचंच उदाहरण घ्या. एक प्लॉट आणि दोन रजिस्ट्र्या, यात अर्धा-अर्धा करून मिटवण्यासारखं काय होतं? ज्याने एकदा विकून टाकलं त्याच्याकडे दुसऱ्यांदा विकायला काही उरतच नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४८ ला आधीच्या व्यवहाराचा हक्क वरचढ धरला आहे. मामाच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तुमची रजिस्ट्री आधीची आहे, कागद बोलतो, घाबरू नका. साक्षीदार फारसे लागले नाहीत, समोरच्याचा उलटतपास झाला आणि निकाल मामाच्या बाजूने लागला. पण निकाल लागला म्हणजे प्लॉट हातात आला असं होत नाही. तीस दिवसात जिल्हा न्यायालयात अपील पडलं. ते फेटाळलं गेलं तरी समोरचा कुंपण काढेना, मग अंमलबजावणीची दरखास्त टाकावी लागली आणि शेवटी बेलिफ आणि पोलीस घेऊन ताबा मिळाला. समोरच्याने मनावर घेतलं असतं तर नागपूर खंडपीठात दुसरं अपील पण टाकू शकला असता, तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला तरच घेतात, पण नुसतं दाखल होण्या-न होण्यात किती वेळ जातो ते ज्याचं गेलं त्यालाच ठाऊक. तरीही मामाने लढला हे बरोबरच केलं असं मी म्हणीन. समोरचा परका असेल, खोटा कागद असेल, खोटी मुखत्यारपत्रं असतील, तर निकालच घ्यावा.

आता आमचा दावा. तारखा पडतात, वकील बदलतात, न्यायाधीश साहेबांची बदली होते, हे सगळ्यांचंच आहे आणि त्याची सवय होते. कापूस विकला की त्यातून वकिलाची फी बाजूला काढायची, तूर काढणीत तारीख आली तर मजुराच्या भरवशावर वावर टाकून जायचं, हे पण आम्ही केलं. आम्हाला खरं थकवलं ते वारस रेकॉर्डवर आणण्याच्या कामाने, आणि याबद्दल दावा टाकताना कोणीच सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो.

वाटणीच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पार्टी लागतात, बहिणी सुद्धा. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आमच्या महाराष्ट्रात तर त्याच्या आधी १९९४ लाच आला होता, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने वडील २००५ ला हयात असोत नसोत मुलीचा हक्क जन्मापासून आहे हे स्पष्ट केलं. त्यामुळे दोन्ही आत्या पार्टी होत्या, आणि असायलाच पाहिजे होत्या. दावा चालू असताना मोठे काका वारले. आता त्यांचे वारस नव्वद दिवसात रेकॉर्डवर घ्यायचे, नाही घेतले तर त्यांच्यापुरता दावा ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो, मग तो उठवायचा वेगळा अर्ज, उशीर माफीचा वेगळा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, मग युक्तिवाद. आम्ही वेळेत अर्ज दिला तरी काकू, दोन चुलत भाऊ आणि सुरतला दिलेली चुलत बहीण, प्रत्येकाला नोटीस लागणार. सुरतची नोटीस पत्त्यावर मिळून आले नाही म्हणून परत आली, नवा पत्ता काढला, पुन्हा पाठवली, शेवटी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागली, सख्ख्या चुलत बहिणीला, जिच्या लग्नात मी वाढपी होतो. ते संपत नाही तर छिंदवाड्याच्या आत्या गेल्या. त्यांचे वारस मध्य प्रदेशात, तीन मुलं, त्यातल्या एकाला आम्ही नीट ओळखत पण नव्हतो. या सगळ्या काळात मूळ प्रश्नावर, की प्लॉट कोणाचा, एक शब्द पण कोर्टात बोलला गेला नाही. दावा जिथल्या तिथे आणि पार्टी वाढत चालल्या.

आणि नुसता वेळ गेला असता तर मी हे इतकं मनाला लावून घेतलं नसतं. धुऱ्यावर उभं राहून जी वाटणी झाली ती पाहणारी माणसं एकेक करून कमी होत होती. तोंडी वाटणी सिद्ध करायची तर साक्षीदार तेच, आणि मिटवायची तर अडवणूक न करता सही देणारे पण तेच. आत्या असत्या तर त्यांनी माहेरचं भांडण मिटतं एवढ्यावर सही केली असती, तसं त्या बाबांना बोलल्या पण होत्या. त्यांच्या मुलांना ती वाटणी माहीत नाही, आजोबा माहीत नाहीत, त्यांना फक्त आज चौरस फुटाचा भाव काय चालू आहे ते माहीत आहे. त्यांची चूक नाही त्यात, पण त्यांच्याशी बोलणी वेगळी होतात आणि महाग होतात. लहान काका एकदा तारखेहून परतताना एसटीत बाबांना म्हणाले, "आता मले झेपत नाही रे भाऊ, आपण दोघं हावो तवर मिटवून टाकू." आमचं ठरलं ते तिथेच.

लोकअदालतीचं काम तसं सोपं आहे, चालू दाव्यात दोन्ही बाजूंनी अर्ज दिला की प्रकरण तिकडे ठेवतात. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत होते, तालुक्याच्या कोर्टात पण होते. पॅनलवर न्यायाधीश आणि वकील असतात, ते जबरदस्ती करत नाहीत, नाही जमलं तर प्रकरण जसंच्या तसं परत कोर्टात जातं. जमलं तर तडजोड पुरसिस, म्हणजे काय ठरलं त्याचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन लिहायचं, सगळ्यांनी सह्या करायच्या आणि जो अवॉर्ड (निवाडा) होतो तो १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ खाली कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरला जातो. कोर्ट फी परत मिळते. आणि त्यावर अपील नाही. मामाने जिंकल्यावर जे भोगलं, अपील, मग पुन्हा त्यावर काय होतं याची वाट, ते आमच्या वाट्याला आलं नाही. पुरसिसमध्ये कोणी कोणता प्लॉट कधी सोडायचा ते लिहिलं होतं आणि बहुतेकांनी तसा सोडला पण.

पण अपील नाही ही गोष्ट दोन्हीकडून कापते. एकदा सही केली की नंतर मला समजलं नव्हतं म्हणून चालत नाही, फसवणूक झाली तर हायकोर्टात रिट एवढाच रस्ता उरतो. म्हणून पुरसिस घाईत लिहू नका. लोकअदालतीच्या दिवशी खूप गर्दी असते, बँकेची प्रकरणं, चेकची प्रकरणं, त्या धावपळीत वकील टेबलावर चतु:सीमा लिहायला बसले की गडबड होणार. आम्ही आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेतली होती आणि मोजणीचा नकाशा पुरसिसला जोडला, माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच झालं. नुसतं "उत्तरेकडचा प्लॉट" असं लिहिलं असतं तर पुढच्या पिढीला नवा दावा तयार होता. दुसरं, दाव्यात जे प्लॉट आहेत तेवढेच त्यात घ्या. आमच्या चुलत भावाचं म्हणणं होतं की यातच गावातलं घर पण टाकून देऊ, पण दाव्याबाहेरची मिळकत तडजोडीत आली तर त्या हुकूमनाम्याला रजिस्ट्री लागते, वकिलांनी ते बाजूला ठेवायला लावलं. आणि वारसांमध्ये कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते, ती आधीच घेऊन ठेवा.

मिटवण्याची किंमत पण द्यावी लागली, ते झाकून ठेवणार नाही. रोडचा कोपऱ्याचा प्लॉट आम्ही सोडला. छिंदवाड्याच्या भावांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे दिले ते बाबांनी आधी मनात धरले होते त्याहून बरेच जास्त होते. लढलो असतो तर कोपऱ्याचा प्लॉट कदाचित आमच्याकडे आला असता, आईला अजून तसंच वाटतं आणि तिचं वाटणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही. पण बाबांनी उरलेल्या प्लॉटपैकी एकावर स्वतः उभं राहून घर बांधलं, आणि लहान काका आज त्याच्या शेजारी राहतात. मामाचा प्लॉट त्याच्या ताब्यात आला तेव्हा मामा गुडघ्यांनी हैराण झालेला होता, त्याने तो विकून टाकला.

गावातल्या गावात मिटवायचं असेल तर ते चांगलंच. तंटामुक्त गाव मोहीम २००७ ला सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडे समितीसमोर बरीच भांडणं मिटली. मात्र समितीसमोर स्टॅम्प पेपरवर लिहून पाच पंचांच्या सह्या घेतल्या म्हणजे प्लॉटची मालकी बदलली असं होत नाही. जागेचा हक्क इकडून तिकडे करणारा कागद नोंदवावा लागतो, नाहीतर लोकअदालतीतून काढावा लागतो. दावा टाकलेला नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे नेता येतं हे पुष्कळांना माहीतच नाही. शेताची अदलाबदल असेल, म्हणजे ताबा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असं बारा वर्षांपासून चालू असेल, तर २०२३ ची सलोखा योजना चालू आहे का ते पाहा, त्यात मुद्रांक हजार रुपये आणि नोंदणी हजार रुपये एवढ्यावर काम होतं. एन.ए. प्लॉटला ती लागत नाही.

तर कोणी आज दारात उभं राहून विचारलं तर मी आधी विचारीन की समोरचा कोण आहे आणि दोन्ही बाजूंना मिळून सह्या किती लागणार. परका असेल, कागद तुमचा आधीचा असेल, पार्टी दोनच असतील, तर मामासारखं लढा. भावकीतलं असेल आणि वाटणी पाहिलेली म्हातारी माणसं अजून हयात असतील तर माझ्या मते पुढची तारीख घेण्याआधी वकिलांना लोकअदालतीचा अर्ज द्यायला सांगा, मोजणीची फी आत्ताच भरा कारण मोजणीला नंबर लागायला वेळ जातो, आणि अवॉर्ड झाला की त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज टाका. नक्कल घेऊन पटवाऱ्याकडे फेरफार लावा, नोटिशीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करेपर्यंत पाठ सोडू नका. आमच्यातल्या एका भावाने अवॉर्ड कपाटात ठेवून दिला आहे, सातबारावर त्याच्या प्लॉटला अजून मोठ्या काकांचंच नाव आहे, आणि त्याला मी भेटलो की हेच सांगत असतो.