हलगी गोल दिसली पाहिजे: 43 इंची टीव्हीवर दहा महिने मराठी सिनेमे

तक्रार एवढीच नोंदवली होती की जुना सिनेमा लावला की चित्र आपोआप आडवं पसरतं. सर्व्हिसचा माणूस आला, त्याने ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन झूम लावला, ‘आता बघा, फुल स्क्रीन’ म्हणाला आणि तक्रार बंद केली. आधी माणसं जाड दिसत होती, आता त्यांची डोकी कापली जाऊ लागली. कंपनीच्या नोंदीत मात्र काम झालेलं आहे. म्हणून या टीव्हीचा अनुभव सविस्तर लिहितोय. फोर-के आहे, तीन एचडीएमआय आहेत, ते सगळं डब्यावर छापलेलं असतंच. त्यात वेळ घालवत नाही.

मुद्दा आकाराचा आहे. आपले 1960च्या आधीचे जवळपास सगळे मराठी सिनेमे 4:3च्या (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) आसपासच्या चौकटीत चित्रित झालेत. नेमकं सांगायचं तर 1.37:1. आजचा टीव्ही 16:9, म्हणजे 1.78:1. त्रेचाळीस इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि 53.5 सेंटिमीटर उंच भरतो. जुना सिनेमा त्यावर नीट बसला तर चित्राची रुंदी 71 ते 73 सेंटिमीटर होते आणि दोन्ही बाजूंना अकरा-बारा सेंटिमीटरचे काळे पट्टे राहतात. ते पट्टे म्हणजे बिघाड नव्हे. चित्र शाबूत असल्याची ती खूण आहे. पट्टे घालवायचे दोनच मार्ग आहेत. एक, चित्र आडवं ताणायचं. मग प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो. दुसरा, चित्र मोठं करून वरचा-खालचा भाग कापायचा. मग चित्राची पाव उंची जाते.

कसोटी सोपी आहे. चित्रात एखादी गोल वस्तू समोरून दिसेल तिथे थांबवा. तमाशापट असेल तर हलगी, संतपट असेल तर टाळ, नाहीतर बैलगाडीचं चाक. तिरकी दिसणारी वस्तू घेऊ नका, ती मुळातच लंबगोल दिसते. टेप घेऊन आडवं आणि उभं माप काढा. हलगी उभी 12 सेंटिमीटर आणि आडवी 16 भरली तर चित्र ताणलेलं आहे. दोन्ही मापं सारखी आली तर चित्र एकतर बरोबर आहे किंवा कापलेलं आहे. पट्टे असतील तर बरोबर, पडदा पूर्ण भरला असेल तर कापलेलं.

पहिले दोन महिने सगळा दोष टीव्हीचा वाटत होता. तो तसा नाही. चित्र तीन ठिकाणी बिघडू शकतं आणि तपासायचं ते त्याच क्रमाने. आधी सेट-टॉप बॉक्स: त्याच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार 16:9 ठेवायचा आणि 4:3 चित्रासाठी ‘पिलरबॉक्स’ (म्हणजे बाजूला काळे पट्टे) निवडायचं, ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ नाही. मग टीव्ही: ‘ओरिजिनल’ आणि ‘जस्ट स्कॅन’, कुठे त्याला ‘फिट टू स्क्रीन’ म्हणतात. हे बंद असलं की चारही कडांचा थोडा थोडा भाग पडद्याबाहेर जातो आणि श्रेयनामावलीतली कडेची अक्षरं खाल्ली जातात. टीव्ही प्रत्येक एचडीएमआयसाठी हे वेगळं लक्षात ठेवतो, तेव्हा एका ठिकाणी बदललं म्हणजे सगळीकडे झालं असं होत नाही. बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा बघायचं. आणि तिसरं ठिकाण म्हणजे खुद्द फाइल. खरं दुखणं तिथे आहे.

भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्यामुळे 1930 ते 1960च्या दरम्यानचे सिनेमे कुणीही ऑनलाइन चढवतो. एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रती सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच जुन्या व्हीसीडीवरून (सिनेमाच्या सीडीवरून) काढलेल्या असतात. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं. ते ताणून, वर ‘एचडी’ लिहून लावलं की पैसे भरून बघणाऱ्यालाही तेच मिळतं. याचा मनस्वी राग येतो, कारण हे सिनेमे आपल्या गावाचे आहेत. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली, पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली तिने इथे असतानाच काढला, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. त्या माणसांनी चौकटीचा कोपरा न् कोपरा विचार करून भरला होता.

आता सिनेमांकडे येतो.

‘संत तुकाराम’ (1936) तीन प्रतींत पाहिला. ताणलेल्या प्रतीत तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पसरट होतो आणि त्या चेहऱ्यावरची निवांत तंद्री सुस्तीसारखी दिसते. कापलेल्या प्रतीत कपाळावरचा बुक्का जातो. योग्य प्रतीत कळतं की हा सिनेमा जितका तुकारामांचा तितकाच जिजाईचा आहे. जिजाई झालेल्या गौरीबाईंचं रागावणं, म्हशीशी बोलणं, पोरांच्या पोटाची काळजी हे सगळं हातवाऱ्यांत आहे, आणि हात चौकटीत असतील तरच ते दिसतं. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला तो उगाच नाही. ज्यांना तो संथ वाटला त्यांनी कुठली प्रत पाहिली ते आधी तपासावं.

‘सांगत्ये ऐका’ (1959) बद्दल सुरुवातीला मत वाईट होतं. नृत्यं कोंदटलेली वाटली, कॅमेरा उगाच अंगावर येतो असं वाटलं. ते मत मागे घेतो. ती कापलेली प्रत होती. पट्ट्यांसकट असलेली प्रत मिळाली तेव्हा दिसलं की दिग्दर्शक अनंत माने लावणीत नर्तकीला डोक्यापासून पायांपर्यंत धरतात. जयश्री गडकरांचं ‘बुगडी माझी सांडली गं’ बघताना नजर पायांवर जायला हवी. ढोलकीची थाप आणि घुंगरांचा ठोका एकत्र पडतो, मग नर्तकी एक क्षण थांबते आणि थाप पुढे जाते. लावणीची गंमत त्या थांबण्यात आहे. कापलेल्या चित्रात ती घोट्याच्या वर तुटते. उरतो चेहरा आणि हात, आणि बघणारा म्हणतो, ‘जुन्या लावणीत काय होतं एवढं?’

याच गाण्यात दुसरा बिघाड सापडला, तो कानाचा. वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज, पण रेकॉर्डशी सूर जुळेना, पट्टी चढलेली. कारण असं आहे: सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, आपलं टीव्ही प्रसारण आणि व्हीसीडी 25चं. जुन्या काळी सिनेमा टेपवर घेताना तो सरळ 25च्या वेगाने पळवायचे. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा 115 मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या स्वराला थोडा कमी इतका वर चढतो. आवाज बारीक होतो, चाल घाईची वाटते. पेटीवाल्याला हे पहिल्या ओळीत कळतं, इतरांना नुसतं काहीतरी खटकतं.

यावर टीव्हीत उपाय नाही, लॅपटॉपवर आहे. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर घ्या, लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा. वेग 0.96 करा आणि ऑडिओच्या सेटिंगमधली ‘टाइम-स्ट्रेचिंग’ची खूण काढा; ती राहिली तर वेग उतरतो पण पट्टी उतरत नाही. चित्र ताणलेलं असेल तर ‘ए’ दाबत 4:3 आणा. हलताना कडांवर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ दाबा. टीव्हीतही 4:3चा पर्याय आहे, पण ओटीटी अ‍ॅपच्या आत तो बहुतेक वेळा करडा पडतो आणि निवडता येत नाही. टीव्हीबद्दलची सगळ्यात मोठी नाराजी हीच. एका बटणाचं काम आहे, ते द्यायला हवं होतं.

ताणलेलं चित्र असं परत आणता येतं. कापलेलं येत नाही, गेलेला भाग फाइलीतच नसतो. म्हणून या दोन्हींतूनच निवडायचं असेल तर ताणलेली प्रत घ्या.

झूमबद्दलही एक दुरुस्ती करायला हवी. तो प्रत्येक वेळी चूक नसतो. रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या 4:3 टेपवर घेतलेला असेल तर चित्राच्या चारही बाजूंना काळं येतं, मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. तिथे झूम लावला की फक्त काळा भाग जातो. चारही बाजूंना काळं असेल तर झूम, दोनच बाजूंना असेल तर हात लावायचा नाही.

‘साधी माणसं’ (1965) सुंदर दिसतो, पण आधी टीव्हीची हुशारी बंद करावी लागते. ‘नॉइज रिडक्शन’ फिल्मचा बारीक दाणा पुसतो आणि चेहरे मेणाचे करतो. ऐरणीच्या गाण्यातल्या ठिणग्यांनाही तो कचरा समजतो. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ काळोख गिळून टाकतो. दोन्ही ‘ऑफ’. मोशन स्मूदिंगही ‘ऑफ’, नाहीतर भालजींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत सरकतो.

‘पिंजरा’ (1972) रंगीत, आणि तिथे वेगळाच प्रश्न आहे. त्या काळच्या रंगीत फिल्ममधला निळसर रंग आधी विटतो, म्हणून बऱ्याच प्रती लालसर झाल्यात. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड त्यात भर घालतो आणि श्रीराम लागूंचा मास्तर उन्हात भाजल्यासारखा दिसतो. ‘सिनेमा’ मोड लावून रंगाची मात्रा 50 वरून 40-42 वर आणली की त्वचा सुसह्य होते. सिनेमाबद्दल म्हणाल तर मास्तराची घसरण अजूनही पोटात कालवते, नुसता तमाशाचा भाग थोडा लांबतो.

नव्यांपैकी ‘नटरंग’ आणि ‘सैराट’ला आकाराचा त्रास नाही, आवाजाचा आहे. गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद पुटपुटल्यासारखे येतात, कारण पाच दिशांचा आवाज दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबला जातो. ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ केल्यावर संवाद बरेच सुधारले. ‘ऑटो व्हॉल्यूम’ मात्र ‘सैराट’ला लावू नका. शेवटच्या मिनिटातली शांतता हाच तिथला आवाज आहे, आणि हा पर्याय त्या शांततेत खरखर वर काढतो. ‘नटरंग’मधला गुणा कागलचा, आनंद यादवांच्या कादंबरीतून आलेला, त्याची बोली इथल्या कानाला बरीचशी खरी वाटते.

तेच ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेबद्दल म्हणवत नाही. वसगडे गावातलं चित्रीकरण, तालीम, लाल माती हे सगळं झकास. पण कोल्हापुरी म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘चालतंय की’ एवढीच राहिली. इथला माणूस आईशी, वस्तादाशी आणि दूधवाल्याशी वेगवेगळं बोलतो. मालिकेत सगळ्यांशी एकच सूर. सुरुवातीचे काही महिने बघावेत, पुढचं सोडलं तरी चालेल.

टीव्हीला पाचपैकी साडेतीन. पॅनेल चांगलं आहे, वीज कमी खातो, दहा महिन्यांत एक ठिपका मेला नाही. अर्धा गुण अ‍ॅपमधल्या त्या करड्या 4:3साठी कापला आणि एक सर्व्हिससाठी. वाढीव वॉरंटीचा फोन दोनदा येऊन गेला. झूम आणि ओरिजिनल यांतला फरक माहीत असलेला माणूस पाठवणार असाल तर पैसे भरतो, असं त्यांना सांगितलंय.