मोतीबिंदूची लेन्स: आधी अंतर मोजा, मग प्रकार ठरवा

‘सगळ्यात चांगली लेन्स टाका,’ असं आईच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगून आम्ही मोकळे झालो होतो. त्यांनी उलट विचारलं, ‘आई दिवसभर काय करतात?’ आई भरतकाम करते, झोप येईपर्यंत वाचते, गाडी चालवत नाही. शाळेपासून तिला उणे चारचा नंबर. सुईत दोरा ओवायचा झाला की चष्मा कपाळावर सरकवते आणि सुई डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरते. या एका सवयीनेच लेन्सचा निर्णय फिरवला.

तरुणपणी डोळ्यातलं भिंग आकार बदलून लांबचंही टिपतं आणि जवळचंही. ऑपरेशनमध्ये बसवतात त्या नेहमीच्या लेन्सना ते जमत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकारात काहीतरी सोडावं लागतं. म्हणून आधी टेप घ्या आणि रोजची कामं मोजा. पुस्तक आणि मोबाइल साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर असतात, कॉम्प्युटर ६० ते ७० वर. रस्ता, टीव्ही, समोरून येणारा माणूस हे सगळं ‘लांब’ या एका खात्यात धरा. यातलं कोणतं चष्म्याशिवाय हवं आणि कशासाठी चष्मा चालेल, हे लिहून डॉक्टरांकडे न्या.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेकांच्या डोळ्यात ती लांबचं दिसेल अशी बसवतात आणि वाचायला चाळीशी लागते. प्रकाशाची वाटणी होत नसल्यामुळे चित्र ठसठशीत दिसतं आणि रात्री दिव्यांचा त्रास कमी होतो. हिला ‘साधी’ म्हणून नाकं मुरडली जातात ते मला पटत नाही. कारण ती कुठे रोखायची हे आपल्या हातात असतं. जन्मभर चष्मा काढून वाचणाऱ्या माणसाला लांबची मोनोफोकल बसवली, तर रस्ता लख्ख दिसेल, पण उघड्या डोळ्यांनी वाचायची सवय त्या दिवसापासून संपेल. ऑपरेशननंतर ‘मला आधी वाचता यायचं, आता येत नाही’ म्हणून रडवेली झालेली माणसं असतात, आणि बऱ्याचदा त्याचं कारण एवढंच असतं. अशांसाठी मुद्दाम उणे अडीच नंबर शिल्लक ठेवता येतो. मग ४० सेंटिमीटरवर विनाचष्मा दिसतं आणि लांबसाठी चष्मा लागतो. आईसाठी आम्ही हेच निवडलं. सुई आता वीतभर नाही, थोडी लांब धरावी लागेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

ट्रायफोकल लेन्स वेगळ्या माणसासाठी आहे. तिच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळाकार कडा असतात आणि त्या आत येणारा प्रकाश लांब, मधलं आणि जवळ अशा तीन ठिकाणी वाटून देतात. चष्मा सुटण्याची शक्यता हिच्यात सगळ्यात जास्त, आणि चष्म्याला खरोखर कंटाळलेल्या माणसाला तो आनंद मोठा असतो. पण वाटलेला प्रकाश प्रत्येक वाट्याला कमीच येणार. मंद उजेडात अक्षरं फिकी वाटतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. बऱ्याच जणांचा मेंदू काही महिन्यांत त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, काहींचा शिकत नाही. रात्री गाडी चालवणं हेच काम असेल तर मी या लेन्सच्या वाटेला जाणार नाही. मधुमेहामुळे किंवा वयामुळे पडद्याला इजा झालेली असेल, काचबिंदू वाढलेला असेल, तर डॉक्टर बहुधा स्वतःच नको म्हणतील. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार करून घ्या.

या दोघींच्या मधली ईडॉफ, म्हणजे फोकसचा पट्टा लांबवलेली लेन्स. लांबपासून कॉम्प्युटरपर्यंतचा पट्टा ती बऱ्यापैकी सांभाळते, बारीक अक्षरांना हलका चष्मा लागू शकतो. वलयांचा त्रास ट्रायफोकलपेक्षा सहसा कमी असतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याने हिचा विचार जरूर करावा.

टोरिक हा या तिघींना चौथा पर्याय आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. टोरिक म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणामुळे येणारा सिलिंड्रिकल नंबर भरून काढायची सोय, आणि ती मोनोफोकलमध्येही मिळते, ईडॉफ आणि ट्रायफोकलमध्येही. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली की साधारण ३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरली की सगळाच. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून पेशंटला बसवूनच बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात. काही ठिकाणी हे काम यंत्र करतं. सिलिंड्रिकल नंबर मोठा असताना टोरिक टाळून ट्रायफोकल घेणं मला चूक वाटतं. आधी वाकडेपणा काढा, बाकीच्या हौशी नंतर.

घडीची लेन्स की कडक, हा वाद आता फारसा उरलेला नाही. घडीची लेन्स दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आत जाते, म्हणून जखम लवकर भरते.

लेन्सच्या नावावर महिनाभर खल करणारे लोक मोजणी मात्र घाईत उरकतात, हे पाहून वाईट वाटतं. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. डोळ्याने ती स्वीकारली, पण नंबर चुकला आणि मोठा उणे नंबर शिल्लक राहिला. आज यंत्रं फार अचूक आहेत, तरी डोळ्याच्या लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने हुकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारा. पूर्वी लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, झालं असेल तर ते न विसरता सांगा, जुने कागद असतील तर सोबत न्या.

आणखी एक. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागची पिशवी, म्हणजे मूळ भिंगाचं मागे ठेवलेलं पातळ आवरण, धुरकट होऊ शकते. ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करतात. पण ट्रायफोकल पहिल्या दिवसापासूनच मानवली नसेल, तर लेझरला घाई करू नका. पिशवीला छिद्र पडल्यावर लेन्स बदलणं जास्त अवघड आणि जोखमीचं होतं.

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन असेल तर मधल्या काळाचा उपयोग करून घ्या. आईचा पहिला डोळा झाल्यावर सुई-दोरा झकास दिसू लागला, पण शेजारी बसून बोलणाऱ्याचा चेहरा पुसट वाटायचा. तिने ते डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या डोळ्यात उणे अडीचऐवजी उणे दीडच ठेवायचं ठरलं, म्हणजे साधारण ६६ सेंटिमीटर. आता ती भरतकाम करताकरता मान वर करते आणि चष्मा न शोधता आमच्याशी बोलते.