एका बाटलीत दोन औषधं, पण डाऊनीसाठी एकच

ॲझॉक्सिस्ट्रॉबिन आणि टेब्युकोनॅझोल यांचं तयार मिश्रण द्राक्षबागेत वापरलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण हेच मिश्रण अनेकजण विकतात. पाण्यात झटकन मिसळतं, नोझल चोंदत नाही. भुरी (वेलीवर पांढरी पावडर आणणारा बुरशीचा रोग) यायच्या आत फवारलं तर काम चोख. पाचपैकी तीन तारे.

दोन तारे कापले ते जाहिरातीमुळे. 'दोन औषधं एकत्र, म्हणून रोग औषधाला दाद देणार नाही असं होतच नाही' हा दावा भुरीपुरता बराचसा खरा आहे. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, तो लागूच पडत नाही. डाऊनी मुळात खरी बुरशी नाही. टेब्युकोनॅझोल ज्यातलं, तो ट्रायझोल गट बुरशीच्या पेशीत एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, आणि डाऊनी ते बनवतच नाही. म्हणजे तिच्याशी लढायला उरलं एकटं ॲझॉक्सिस्ट्रॉबिन.

आणि त्याची अडचण जुनीच. ते रोगाच्या पेशीतल्या सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसून काम करतं. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या घटकाऐवजी ॲलनीन आलं की औषध तिथे नीट बसतच नाही. फवारणी हा बदल घडवत नाही. असंख्य बीजाणूंत एखाद्यात तो आधीच असतो. आपण बाकीचे मारून त्याला रान मोकळं करून देतो. ॲझॉक्सिस्ट्रॉबिनच्या गटाची औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरीने त्यांना दाद देणं सोडलं. असा रोग बागेत पसरला की डोस वाढवून काही होत नाही. ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन किंवा पायराक्लोस्ट्रॉबिन आणूनही नाही, तीही ११ क्रमांकाच्याच गटातली, म्हणजे त्याच जागी मारा करणारी. (गव्हाच्या तांबेऱ्याची गंमत वेगळी: त्याच्या जनुकाची रचनाच अशी, की हा बदल झाला तर तो स्वतःच जगत नाही.)

ट्रायझोलचं तसं नाही. तिथे भुरी पायरीपायरीने निर्ढावते. आधी परिणामाचे दिवस कमी होतात. म्हणून डोस कमी करून मारणं तिथे जास्त महागात पडतं.

घ्यायचं तर भुरीसाठी घ्या, हंगामात एखाद-दोनदाच, मध्ये गंधक ठेवून. डाऊनीला मॅन्कोझेबसारखं एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करणारं औषध आधी धरा. गट क्रमांक ११ आणि ३ (३ म्हणजे ट्रायझोल) बाटलीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत आहेत, घेताना चष्मा लावूनच वाचा.