साताऱ्यातलं जुनं लष्करी चामडं: कुठे बघायचं, काय तपासायचं

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जुन्या पितळी भांड्यांचं एक दुकान आहे. बाहेर घंगाळं, समया, अडकित्ते आणि आत शेवटच्या फळीवर लष्करी चामडं: काडतुसांचे पाऊच, बँडोलियर म्हणजे काडतुसांचे खण असलेले खांदपट्टे, कमरपट्टे. माझी सगळी नोकरी लष्कराच्या ऑर्डनन्स स्टोअरमध्ये, म्हणजे शस्त्रं-साहित्याच्या कोठारात गेली, त्यामुळे असा माल दिसला की हात आपोआप शिक्क्याकडे जातो. हे दुकान मला आवडलं त्याचं मुख्य कारण म्हणजे मालक कशालाही तेल-पॉलिश करत नाहीत. इतर ठिकाणी तेल चोपडून काळे तुकतुकीत केलेले पाऊच मिळतात. त्यांच्यावरचा शिक्का बुजलेला असतो आणि शिवण कुजली असली तरी कळत नाही. इथे धूळ भरपूर, पण माल जसा आला तसा. बाहेर उजेडात नेऊन बघायलाही ना नाही.

मी घेतला तो ब्रिटिश लष्कराच्या 1903 पॅटर्नचा पाच खणांचा बँडोलियर. खांद्यावरून छातीवर तिरका घालायचा. एका खणात पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, म्हणजे पाच खणांत .303 रायफलची 50 काडतुसं. घोडेस्वारांसाठी नऊ खणांचा होता, त्यात 90 बसत. पहिल्या महायुद्धात आपल्या पलटणी हे चामडं अंगावर घालून लढल्या. एकट्या अपशिंगे गावचे 46 जण त्या युद्धात कामी आले. साताऱ्यात राहून ही वस्तू नुसती शोभेची म्हणून बघणं मला जमत नाही.

मालक मात्र प्रत्येक पाऊचला ‘शिवकालीन’ म्हणतात. ते धरू नका. क्लिपच्या मापाचा खण असेल तर माल फार तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. ‘एका जवानाच्या घरातून आलाय’ हाही पुरावा नव्हे. जवानाला किट स्टोअरमध्ये परत जमा करावं लागतं. बाजारात येणारा बराचसा माल स्टोअरमधून बाद होऊन लिलावात निघालेला असतो.

खरी ओळख शिक्क्यावर. झाकणाची आतली बाजू आणि पट्ट्याची पाठ बघा. रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालकी, बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. माझ्या पट्ट्यावर समोरून काहीच दिसत नव्हतं. बॅटरी चामड्याला टेकवून उजेड आडवा टाकला, तेव्हा बकलच्या जवळ बाण आणि त्याखालचा ‘आय’ दोन्ही उमटले. खणाच्या आत बोट घातलं तर क्लिपा वर्षानुवर्षं बसून पडलेले उंचवटेही लागतात. नकली मालाला ते नसतात.

आणि नकली माल इथेही आहे, हे सांगायलाच हवं. वाई-मेणवलीकडे सिनेमांची शूटिंगं सतत चालतात, त्यांच्यासाठी केलेले पाऊच नंतर भंगारात येतात. कापलेली कड बघा. जुनं चामडं सालीत कमावलेलं, आरपार तपकिरी. क्रोम रसायनाने कमावलेल्या नव्या चामड्याची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. शिवणीचा दोरा नायलॉनसारखा चमकत असेल तर पुढे जाऊच नका.

एका पाऊचला हात लावला तर बोटांना विटकरी भुकटी लागली. हवेतल्या गंधकी वायूंनी जुनं चामडं असं आतून मरतं. तेलाने ते जिवंत होत नाही, उलट काळं आणि मऊ पडून लवकर फाटतं. तो मी तिथेच ठेवला. पितळी बटणांभोवतीचा हिरवा मेणचट थर मात्र घाबरण्यासारखा नाही. चामड्यातल्या चरबीची तांब्याशी प्रक्रिया होऊन तो येतो, लाकडी काडीने हलके खरवडला की निघतो. पावसाळ्यात साताऱ्यात बुरशी धरणारच. सावलीत कोरड्या ब्रशने झटका, उन्हात टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको.

खणात जिवंत काडतूस सापडलं तर घरी आणू नका, पोलिसांना कळवा. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशातल्या नातेवाइकांना पाठवण्याच्या भानगडीतही पडू नका, 1972 च्या कायद्याने खासगी निर्यातीला बंदी आहे.

बँडोलियरचे 1,800 सांगितले, 1,400 ला दिला. ठीक भाव. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते मागून घ्या. फळीवर तीन खणांच्या जर्मन पाऊचची एक जोडी अजून आहे, पण पाठीमागच्या डी-रिंगा, म्हणजे इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या कड्या, नव्याने बसवलेल्या दिसतात आणि भाव अस्सल जोडीचा सांगतात. त्या भावाला ती घेऊ नका.