साहित्य-आढाव्याचे 19,859 रुपये आणि 1984 सालचे गाडगीळ

पीएच.डी.वाल्यांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती जाहिरात फिरते. 'लिटरेचर रिव्ह्यू, 100 टक्के मॅन्युअल, नो एआय, प्लेजरिझम 10 टक्क्यांच्या आत, प्रत्येक संदर्भाची पीडीएफ.' हे लोक कसे काम करतात ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. म्हणून तर मी सावध राहूनच पैसे दिले. आणि तरीही गेले.

ऐकणारा प्रत्येक जण आधी तोंड वाकडं करून म्हणतो, "थिसिस विकत घ्यायला गेलास, मग काय होणार?" थिसिस विकत घेत नव्हतो हो! माझा विषय ऊसतोड कामगारांची उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आणि सहकारी साखर कारखाने. फील्डवर्क माझं, मुलाखती माझ्या, फडावर जाऊन, मुकादमांच्या शिव्या खाऊन घेतलेल्या. मला फक्त जुने लेख शोधून, त्यांच्या पीडीएफ आणि पानभर सारांश हवा होता. लिहिणार मीच होतो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, मानधन सत्र उलटून गेल्यावर कधीतरी पडतं. संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना 2025 पासून सुरू झाली ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आमचं कॉलेज खासगी संस्थेचं. लेखाच्या पहिल्या पानापुढे गेलं की पैसे मागतात. मग माणूस काय करणार?

चॅटजीपीटीला विचारता आलं नसतं असंही नाही. मुद्दाम विचारलं नाही. ते संदर्भ मनाने रचून देतं हे माहीत होतं, म्हणूनच यंत्राऐवजी माणसाला पैसे दिले. त्या माणसाने तेच यंत्र चालवून मला 'मॅन्युअल' म्हणून विकलं. माझा सगळा राग इथे आहे.

हिशेब असा. आगाऊ 8,000. पहिला मसुदा आल्यावर 7,500. साम्य-अहवालाचे, म्हणजे मजकूर आधी छापलेल्या लेखनाशी किती टक्के जुळतो ते सांगणाऱ्या अहवालाचे, 2,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. शेवटी 'एआय रिमूव्हल'चे 1,999. एकूण 19,859. जीएसटी घेतला, पण बिलावर जीएसटी नंबर नाही. हे बिल मी आज पाहतो तेव्हा दिसतं. तेव्हा रकमेकडे बघत होतो. आणि 'नो एआय' म्हणून विकलेल्या कामातून एआय काढायचे वेगळे पैसे कशाचे, हा प्रश्न मी विचारला होता बरं का. "सर, विद्यापीठाचं सॉफ्टवेअर ओरिजिनल इंग्रजीलाही एआय म्हणतं," असं उत्तर आलं. यात तथ्य आहे म्हणूनच पटलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचं लेखन एआय ओळखणारे हे डिटेक्टर उगाच एआयचं ठरवतात, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्येच दाखवलंय. खऱ्यात खोटं मिसळायची कला या लोकांकडून शिकावी.

नमुना म्हणून त्याने आधी दहा संदर्भ फुकट दिले. मी एकूण एक उघडून पाहिले. सगळे खरे! ही मेख लक्षात ठेवा. नमुना हाताने निवडलेला असतो, माल यंत्रातून येतो. तपासायचं तर शेवटच्या यादीतून, आणि आपण निवडलेलं.

आता तो क्षण. यादीत 142 संदर्भ होते. त्यातला एक होता 'गाडगीळ, डी. आर. (1984)', सहकारी साखर कारखान्यांतल्या मजुरीबद्दलचा लेख, इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली, खंड 42, पानांचे आकडेसुद्धा दिलेले. धनंजयराव गाडगीळ! पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे, प्रवरानगरच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांसोबत उभे राहिलेले. सहकाराचा अभ्यास करणाऱ्याला ते 1971 मध्ये गेले हे सांगावं लागत नाही. मी वाचलं, थांबलो, त्याला मेसेज टाकला. "सर, ते मरणोत्तर प्रकाशन आहे," असं लगेच उत्तर, सोबत हात जोडल्याची इमोजी. आणि मी मान्य केलं! थोरांचं लेखन मागाहून छापलं जातंच, यात वावगं काय वाटणार? तेव्हा साधी बेरीज केली असती तरी झालं असतं. ते साप्ताहिक या नावाने 1966 मध्ये सुरू झालं, पहिला खंड त्या वर्षीचा. म्हणजे 1984 ला खंड 19 येतो. खंड 42 येतो 2007 ला. बोटांवर मोजता येणारी गोष्ट. त्याच यादीत पुढे याच साप्ताहिकाचा 1958 सालचा एक लेख होता. तेव्हा ते 'इकॉनॉमिक वीकली' होतं. रात्री-अपरात्री आजही 1984 आणि 1958 हे दोन आकडे आठवतात आणि डोकं फिरतं.

माझ्या समाधानाचं मुख्य कारण साम्य-अहवाल होतं. 4 टक्के! यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 10 ते 40 मध्ये सुधारून द्या, 40 ते 60 मध्ये वर्षभर बंदी, 60 च्या वर नोंदणी रद्द. मी 4 वर खूश. जे कधी कुठे छापलंच गेलं नाही, ते कशाशी जुळणार? कमी टक्के म्हणजे चोरी नाही एवढंच. खरं आहे असं नाही. हे कुठल्याच कार्यशाळेत मला कोणी सांगितलं नाही, आणि कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांची फाईल माझ्याकडे जाडजूड आहे.

संशोधन सल्लागार समितीसमोर सहामाही प्रगतीचं सादरीकरण होतं. बाहेरून आलेल्या सरांनी संदर्भसूचीचं पान उलटलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "गाडगीळांनी 1984 मध्ये लिहिलं? कुठून लिहिलं म्हणे?" सगळे हसले. माझे गाईड हसले नाहीत, ते जास्त लागलं. मग सरांनी मधलंच एक वाक्य मोठ्याने वाचलं. 'को-ऑपरेटिव्ह शुगर फॅक्टरी'च्या जागी तिथे 'हेल्पफुल स्वीटनर प्लांट' होतं. 1,999 रुपयांचं एआय रिमूव्हल ते हेच, शब्दाला शब्द बदलून टाकायचा, आणि त्या भागावरून मी नुसती नजर फिरवली होती, कारण आधीचा मसुदा वाचलेला होता! शिवाय यादीत यान ब्रेमन कुठेच नाहीत. बारडोलीच्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला जाणाऱ्या खानदेशी मजुरांवर 1970 च्या दशकात ज्यांनी काम केलं, ते नाव नसलेला ऊसतोडीचा आढावा, असं म्हणून सरांनी फाईल मिटली.

नंतर बसून तपासलं. 142 पैकी 57 संदर्भ जगात नाहीत. काही खरे आहेत, पण सारांशात लिहिलंय ते त्यांत नाहीच. हा प्रकार जास्त घातक, कारण शोधलं की नाव सापडतं आणि आपण निश्चिंत होतो. एक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकला तर माशांच्या कल्ल्यांवरचा लेख उघडला. डीओआय आहे म्हणजे लेख आहे असं समजू नका, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकून शीर्षक जुळतं का बघा. आणि यंत्रालाच "हे खरं आहे ना?" असं विचारू नका. न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी 2023 मध्ये तेच केलं, त्याने हो म्हटलं, नसलेले खटले न्यायालयात गेले आणि 5,000 डॉलर दंड झाला. वकील फसतात, तिथे माझी काय कथा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात हवालदारसाहेब म्हणाले, "सर, माल मिळाला ना? झेरॉक्स खराब आली म्हणून कोणी गुन्हा दाखल करतं का?" पूर्वीच्या 420 च्या जागी न्याय संहितेचं कलम 318 आहे, फसवणुकीचंच, असं म्हटलं तर, "तुम्ही प्राध्यापक, तुम्हाला जास्त कळतं" म्हणून चहा मागवला. चहा प्यायलो, गुन्हा नाही. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक उघडली नाही, मग सायबर कसलं? बँकेत, "व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय." आणि विद्यापीठ! संशोधन विभागात खिडकीतल्या बाबूंनी आवाज खाली आणून सल्ला दिला, "लेखी देऊ नका सर, तुमच्यावरच उलटेल." याच विभागाने परिपत्रक काढलंय, 'एआयचा जबाबदारीने वापर करावा'. जबाबदारीने म्हणजे काय करायचं? चाळणी कोण लावणार, संदर्भ कोण तपासणार, त्याचं प्रशिक्षण कुठे? एक ओळ नाही. फक्त 'एआय वापरलेलं नाही' अशा घोषणापत्रावर सही घेतात. ती मी मनापासून केली होती, मला तसंच सांगितलं गेलं होतं! आणि विकणारा? त्याला कोणती सही, कोणती समिती? मजा म्हणजे माझा विषयच उचल. मुकादम उचल देऊन मजूर बांधतो, इथे मीच उचल दिली आणि बांधलाही मीच गेलो.

आता यंत्र वापरतो, सांगून वापरतो. शोधशब्द त्याला मागतो. उचलीसाठी 'इंटरलिंक्ड मार्केट्स' (कर्ज आणि मजुरी एकमेकांत बांधलेली) हा शब्द त्यानेच सुचवला आणि त्यावरून खरे लेख सापडले. हातात असलेली पीडीएफ देऊन "हे कोणत्या पानावर आहे" विचारतो आणि ते पान स्वतः उघडतो. संदर्भ कधीच मागत नाही. मजुरांच्या मुलाखती तर चुकूनही चढवू नका, त्यांत नावं आणि कर्जाचे आकडे असतात. जुने थिसिस शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत. कॉलेजच्या ग्रंथपालांकडून एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं देणाऱ्या सेवेचा, पासवर्ड मागून घ्या, मला असं काही असतं हे उशिरा कळलं.

पीडीएफ हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. 'गॅरंटी' शब्द दिसला की नंबर ब्लॉक करा. पैसे गेले तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, उद्यावर टाकू नका.

तो नंबर आता बंद आहे. तीच जाहिरात, तेच हात जोडलेलं चित्र, दुसऱ्या नंबरवरून परवा पुन्हा ग्रुपवर आली. मी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आयोगाच्या परवानगीने एकसारखे फसलेले एकत्रही येऊ शकतात. बिल, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि 'मॅन्युअल' लिहिलेले मेसेज जपून ठेवले असतील तर मला कळवा. लाज वाटत असेल तर नाव नका सांगू, आधी रक्कम सांगा.